वाळीतला आणि वेशीबाहेरचा

हार्पर लीची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' पहिल्यांदा वाचली तेव्हा शेवटी मी रडलो. रडलो तो बू रॅडलीसाठी. टॉम रॉबिन्सन त्याआधीच मेला होता, सतरा गोळ्या खाऊन. त्याच्यासाठी डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. हे ध्यानात आलं आणि स्वतःचाच राग आला. वेशीबाहेरच्या वस्तीत वाढलेला मी, रडलो कुणासाठी? गोऱ्याच्या पोरासाठी! मग कादंबरी पुन्हा काढून बसलो.

कादंबरी १९६० सालची, १९६१ साली तिला पुलित्झर मिळालं. गोष्ट १९३० नंतरच्या अलाबामातली, मेकॉम्ब नावाच्या कल्पित गावातली. पांढरपेशे समीक्षक सांगतात, बू आणि टॉम दोघंही समाजानं बाहेर टाकलेले, दोघंही निरुपद्रवी, म्हणून दोघंही मॉकिंगबर्ड. कुणाचं वाकडं न करणारा, नुसता गाणारा पक्षी. त्याला मारणं पाप.

ठीक. पण 'बाहेर टाकलेला' याला आपल्याकडं दोन शब्द आहेत, आणि ते आपल्या बापजाद्यांनी सोसून शिकलेत. एक वाळीतला, दुसरा वेशीबाहेरचा. वाळीत पडायला माणूस आधी जातीत असावा लागतो. दंड भरला, प्रायश्चित्त घेतलं, की तो परत पंगतीत. वेशीबाहेरच्याला परत यायला जागाच नाही, कारण तो कधी आत नव्हताच. ज्ञानेश्वरादी भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली अशी कथा सांगतात. चोखोबानं कुठल्या पैठणला जायचं होतं?

बू हा वाळीतला. वयात येताना टारगट पोरांच्या नादी लागला, दंगा केला, बापानं घरात कोंडला. तिशी उलटल्यावर त्यानं बापाच्या पायात कात्री खुपसली. शेरीफनं धरलं, पण तुरुंगात घातलं नाही. का? तुरुंगात काळे होते. त्यांच्या शेजारी गोऱ्याला कसं ठेवायचं? म्हणून कोर्टाच्या तळघरात ठेवला. लेखिका हे जाता जाता सांगून जाते. मला विचाराल तर अख्खी कादंबरी त्या तळघरात आहे. गावाला बू भुतासारखा वाटतो, पण त्याचा विटाळ कुणाला होत नाही. उलट त्याला विटाळ होऊ नये म्हणून सरकार जपतं.

टॉम पंचवीस वर्षांचा, बायको आणि तीन पोरांचा धनी. लहानपणी कापसाच्या जिनात सापडून डावा हात निकामी झालेला. आरोप काय, तर मायेला इवेल या गोऱ्या पोरीवर बलात्कार. मार तिच्या तोंडाच्या उजव्या अंगाला, म्हणजे मारणारा डावखुरा; आणि डावखुरा तिचा बाप बॉब इवेल. सगळं उघडं आहे. पण साक्षीत टॉमच्या तोंडून निघून जातं की पोरीची कीव यायची म्हणून तिची कामं करून द्यायचो. सरकारी वकील तेच धरतो. काळा माणूस गोरीची कीव करतो? संपलं! म्हणजे दयासुद्धा वरून खालीच वाहिली पाहिजे. इवेलचं खोपट गावाच्या उकिरड्यामागं, आणि काळ्यांची वस्ती त्याच्याही पलीकडं. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता ती हीच. तळातल्या गोऱ्यालाही तुडवायला आणखी कुणी तरी खाली लागतो.

हे काही कल्पनेतलं नव्हे. १९३१ साली अलाबामातच स्कॉट्सबरो खटल्यात नऊ काळ्या पोरांवर असाच खोटा आळ आला आणि गोऱ्या ज्युरींनी त्यातल्या आठांना मृत्युदंडाच्या वाटेला लावलं.

आता शेवट बघा. इवेल वकील अ‍ॅटिकसच्या पोरांवर धावून जातो, बू घराबाहेर पडतो, इवेल मरतो. शेरीफ म्हणतो, स्वतःच्याच सुरीवर पडला. खटला नाही, ज्युरी नाही. वर तो हिशेबही मांडतो : एक काळा पोरगा विनाकारण मेला, त्याला जबाबदार होता तोही मेला, फिटंफाट. निरपराध टॉमला कायद्यानं मारलं. बूच्या हातून माणूस गेला, त्याला कायद्यानं पांघरूण घातलं.

बूला लटकवा असं मी म्हणत नाही. त्यानं पोरं वाचवली. पण टॉमच्या मरणाचं खातं परस्पर बंद करणारा हा शेरीफ कोण? टॉमच्या बायकोला, हेलनला, कुणी विचारलं? दोषी म्हणणारे बारा ज्युरर तर घरी जाऊन जेवले असतील. सगळं पाप एका दारुड्या इवेलच्या डोक्यावर, आणि गाव धुतल्या तांदळासारखं!

शेवटी स्काउट ही पोर बूच्या ओट्यावर उभी राहून आपली गल्ली बघते. दुसऱ्याच्या जागी उभं राहणं म्हणजे काय, ते तिला तिथं कळतं. प्रसंग सुंदर आहे. मी रडलो तो तिथंच. पण टॉमच्या ओट्यावर ती कधी उभी राहत नाही. बातमी ऐकून हेलन मातीत कोसळली, हेसुद्धा तिला दुसऱ्या पोराच्या तोंडून कळतं.

कुणी म्हणेल, गोष्ट एक लहान गोरी पोर सांगते, तिचं जग तेवढंच. कबूल. लेखिका प्रामाणिक आहे, तळघर तिनं लपवलं नाही. पण उकिरड्यापलीकडची गोष्ट उकिरड्यापलीकडूनच यावी लागते. रिचर्ड राइटच्या पहिल्या कथासंग्रहावर लोकांनी आसवं गाळली, तेव्हा त्यानं ठरवलं की पुढचं पुस्तक असं लिहायचं, ज्यावर रडून कुणाला मोकळं होता येणार नाही. १९४० साली त्याची 'नेटिव्ह सन' आली. माझं रडणंही तसंच होतं, मोकळं करणारं.

१९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी संघटना काढली, तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. त्यांनी पँथर घेतला, मॉकिंगबर्ड नाही. का, ते मला या दुसऱ्या वाचनात कळलं.