'कन्कशन'मध्ये माइक वेब्स्टर कुठे आहे?

अमेरिकन फुटबॉल कळत नसला तरी 'कन्कशन' हा २०१५ चा चित्रपट तुम्ही पाहिला असेल. पाहिला असेल तर आवडलाही असेल. मलाही आवडला होता. नायजेरियाहून आलेला एक डॉक्टर, डिग्र्यांवर डिग्र्या घेतलेल्या, बोलायला लागला की लगेच 'बाहेरचा' म्हणून ओळखू येणारा. पिट्सबर्गमध्ये शवविच्छेदनं करतो. फुटबॉलमधलं त्याला काही कळत नाही. आणि तोच एनएफएलसारख्या बलाढ्य लीगला सांगतो, की तुमच्या खेळामुळे खेळाडूंचे मेंदू खराब होतायत. व्हिसावर राहणाऱ्या कुणाला ही गोष्ट आवडणार नाही? विल स्मिथने उभ्या केलेल्या डॉ. बेनेट ओमालूमध्ये आपण आपल्यालाच बघतो.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. आपण ओमालूला बघण्यात इतके रमतो, की ज्याच्या मेंदूपासून हे सगळं सुरू झालं तो माइक वेब्स्टर हातातून निसटतो. चित्रपटात तो १९९७ सालच्या हॉल ऑफ फेमच्या भाषणात दिसतो, मग ट्रकमध्ये राहणारा, भ्रमिष्ट झालेला दिसतो आणि मग शवविच्छेदनाच्या टेबलावर. डेव्हिड मॉर्सचं काम अंगावर येतं, यात वाद नाही. पण वेब्स्टरची खेळण्याची सतरा वर्षं कुठे गेली?

ती वर्षं महत्त्वाची आहेत. विस्कॉन्सिनमध्ये बटाट्याच्या शेतावर वाढलेल्या या मुलाला १९७४ साली पिट्सबर्ग स्टीलर्सने पाचव्या फेरीत निवडलं. पंधरा हंगाम तो तिथे खेळला, मग दोन हंगाम कॅन्सस सिटीकडून. एकूण २४५ सामने आणि चार सुपर बोल विजेतेपदं. त्याची जागा सेंटरची. सेंटर म्हणजे वाकून, चेंडू जमिनीवर धरून बसणारा खेळाडू. तो पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकला देतो आणि त्याच क्षणी समोरच्या सव्वाशे किलोच्या माणसाला अंगावर घेतो. डोकं पुढे, हात नंतर. हे एका सामन्यात साठेक वेळा. सराव वेगळाच.

यातली एकही टक्कर टीव्हीवर 'अरे बापरे' म्हणावं अशी नसते. म्हणून मला चित्रपटाचं नावच खटकतं. कन्कशन म्हटलं, की माणूस कोसळलाय, डॉक्टर मैदानात धावतायत असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. पण सीटीई या आजाराबद्दल आज जे कळलंय ते वेगळं आहे. निदान झालेली कन्कशन्स किती, यापेक्षा वर्षानुवर्षं डोक्याला बसलेले लहानमोठे सगळे हादरे मिळून किती, हे जास्त मोजावं लागतं. म्हणजे वेब्स्टरला अपघात झाला नव्हता. तो त्याचं काम करत होता, आणि उत्तम करत होता. हे दाखवायचं तर मैदानावरचा कंटाळवाणा, पुन्हा पुन्हा तोच असा खेळ दाखवावा लागतो. चित्रपट मोठ्या धडकांच्या क्लिप्स दाखवून मोकळा होतो.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. वेब्स्टर २४ सप्टेंबर २००२ रोजी गेला, वय अवघं पन्नास. ओमालूने त्याच्या मेंदूत टाऊ प्रथिनाचे साठे पाहिले आणि २००५ साली सहकाऱ्यांसोबत शोधनिबंध छापला. लीगच्या समितीतल्या तीन डॉक्टरांनी तो मागे घ्यायची मागणी केली. चित्रपटाचा सगळा ताण या शोधावर उभा आहे: कुणालाच माहीत नव्हतं, एका माणसाने सत्य शोधलं.

पण मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूला अशी इजा होते, हे १९२८ पासून वैद्यकीय नियतकालिकांत होतं. आणि वेब्स्टर जिवंत असतानाच, १९९९ साली, खेळाडूंच्या पेन्शन मंडळाने त्याला कायमचं अपंगत्व मंजूर केलं होतं. डोक्याला बसलेल्या मारामुळे त्याच्या मेंदूला इजा झाली, हे त्या कागदपत्रांत मान्य केलेलं होतं. मंडळ स्वतंत्र आहे, आमचं नाही, असं लीगचं म्हणणं. पण त्या मंडळावर निम्मी माणसं संघमालकांची होती. पैसे कधीपासून आणि किती द्यायचे यावर वाद चालूच राहिला. अपील कोर्टाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला तो २००६ साली, वेब्स्टरच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

हा कागद कथेचा कणा केला असता तर चित्रपट वेगळा झाला असता. मग प्रश्न 'सत्य कोण शोधणार' असा उरत नाही. फायलीत लिहिलेलं असूनही कुणी बोललं का नाही, असा होतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एक हीरो देऊ शकतो. दुसऱ्याचं उत्तर मालक, डॉक्टर, युनियन आणि प्रेक्षक अशा सगळ्यांना द्यावं लागतं. प्रेक्षकांत आपणही आलो.

ओमालूचं श्रेय कमी करायचं नाहीये. त्याने तो मेंदू तपासायचा आग्रह धरला नसता तर पुढचं बरंच काही घडलं नसतं, आणि चित्रपटामुळे लाखो लोकांना हा विषय कळला. पण 'बाहेरून आलेला आपल्यासारखा माणूस जिंकला' एवढ्यावर आपण खूश झालो, तर आपण स्वतःला सोयीस्कर जागी बसवतो. आपण इथे आल्यावर रविवारी रूममेट्ससोबत सोफ्यावर बसून हा खेळ शिकतो, सोमवारी ऑफिसात त्यावर बोलतो, 'इथले' होतो. तेव्हा आपण ओमालूच्या खुर्चीत नसतो, पैसे देणाऱ्या प्रेक्षकाच्या खुर्चीत असतो.

खेळ बघू नका असं मी म्हणत नाही, मीही बघतो. पुढच्या वेळी एवढंच करा: एक क्वार्टरभर चेंडूच्या मागे नजर नेऊ नका. सेंटरकडे बघा आणि टकरा मोजा. वेब्स्टरची चित्रपटात न दिसलेली सतरा वर्षं कशी गेली असतील, ते पंधरा मिनिटांत थोडं कळेल.