स्वल्पविरामातली माणसे

पुस्तकांची परीक्षणे पुष्कळ येतात. माहितीपत्रकांकडे मात्र समीक्षकांचे लक्ष जात नाही. वास्तविक मराठी माणूस पुस्तके विकत घेतो त्याहून कितीतरी अधिक माहितीपत्रके फुकट घेतो. तेव्हा शाहूवाडी तालुक्यात, आंब्याला आम्ही दोन दिवस उतरलो होतो, तिथल्या टेबलावरचे चारपानी पत्रक मी परीक्षणाला घेतले आहे. घेतले आहे म्हणजे, खिशात घालून आणले आहे.

आरंभ परंपरेला धरून आहे: ‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेले.’ आजवर या कुशीत वसलेली म्हणून जितकी गावे वाचली ती सगळी खरी धरली, तर बिचाऱ्या सह्याद्रीला कूस बदलायलाही जागा उरायची नाही. ‘निसर्गाची मुक्तहस्ते उधळण’ ओघानेच आली. आम्ही जुलैत गेलो होतो. उधळण होती ती पावसाची. समोरचा घाटसुद्धा धुक्यामुळे लोकांना विचारून पाहावा लागत होता.

इतिहासात लेखक घाईत दिसतो. 1660 साली बाजीप्रभू जिथे लढता लढता पडले ती पावनखिंड आणि महाराज सुखरूप पोचले तो विशाळगड, दोन्ही याच तालुक्यात. दोघांना मिळून ओळी दीड. गरम पाण्याच्या सोयीला तीन.

‘अस्सल ग्रामीण भोजना’त नाचणीची भाकरी आणि खरडा होता. “खरडा गोड का हो लागतोय?” सौ.ने विचारले. “पुण्याचं पावणं म्हणून जरा बेतानं केलाय,” वाढणारा म्हणाला. अस्सलपणा पाहुण्याच्या पोटाला बेतून मिळतो, हे पत्रकात नाही.

पण माझा खरा आक्षेप एका स्वल्पविरामाला आहे. पान तीनवर लिहिले आहे: ‘येथे गवे, शेकरू, धनगर व विविध पक्षी पाहावयास मिळतात.’ गव्याची सोय लागली आहे. तालुक्याच्या उत्तरेचे चांदोलीचे रान 1985 साली अभयारण्य झाले, 2004 साली राष्ट्रीय उद्यान. शेकरूला तर राज्यप्राण्याचा हुद्दा आहे. धनगराला फक्त स्वल्पविराम!

शेकरू दिसले नाही म्हणून आम्ही यादीतले पुढचे नाव घेतले. चिखलातून तासभर चढून धनगरवाड्यावर पोचलो. एका म्हातारबाईंनी गोठ्यातल्या म्हशी आवरून आम्हाला घरात घेतले, घट्ट दुधाचा चहा दिला.

“चुलीवरच्या भाकरीची चवच न्यारी, नाही?” सौ. म्हणाली.

“चव हाय की, बाई. जळण डोईवरनं आणलं की आनिक लागती.”

मग त्यांनी सांगितले, गेल्या पावसाळ्यात नवरा आजारी पडला, तेव्हा चौघांनी झोळीत घालून त्याला सडकेपर्यंत नेला.

“बरे झाले ना?”

“झालं की. पर उचलणारी पोरं आता म्हमईला हाईत. फुडल्या खेपंला कोण उचलणार?”

ज्या वाटेने आम्ही हौसेने घसरत आलो होतो, तीच ही वाट. पत्रकात तिचे वर्णन ‘साहसप्रेमींसाठी पर्वणी’ असे आहे. शब्द चुकीचा नाही. पर्वणी कोणाची, एवढाच प्रश्न आहे.

असे हे पत्रक. छपाई सुबक, किंमत नाही. परीक्षण लिहून झाल्यावर तारीख पाहायला म्हणून मी माझी प्रवासाची वही उघडली. दुसऱ्या दिवशीची नोंद माझ्याच अक्षरात होती: ‘शेकरू नाही. धनगरवाडा पाहिला.’

‘भेटलो’ असे लिहायला काही जास्त शाई लागली नसती.