किनारा : पाहण्याचा आणि जगण्याचा
(गोमंतकीय कथात्म साहित्याच्या निमित्ताने)

प्रास्ताविक

पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला अल्गार्व हा किनारी प्रदेश आहे. स्वच्छ ऊन, वाळूचे किनारे आणि समुद्रात उतरणारे पिवळसर कडे यांच्या ओढीने उत्तर युरोपातील लोक मोठ्या संख्येने तेथे सुट्टी घालवण्यासाठी येतात. या प्रदेशाचे नाव 'पश्चिम' या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले आहे. पश्चिम ही नेहमी कोणाची तरी पश्चिम असते. तेथील कोळ्याच्या दृष्टीने त्याचे गाव पश्चिमेला नव्हते. ते होते पूर्वेकडून पाहणाऱ्या सत्तेच्या दृष्टीने. म्हणजे या भूमीचे नावच बाहेरून पाहणाऱ्याने ठेवलेले आहे. १९६५ मध्ये फारो येथे विमानतळ सुरू झाला आणि मासेमारी, मासे डबाबंद करण्याचे कारखाने, अंजीर व बदाम यांवर जगणारा हा प्रदेश पाहता पाहता सुट्टीचा प्रदेश झाला. नोबेल पुरस्कारप्राप्त लेखक जुझे सारामागो यांनी १९८१ च्या आपल्या पोर्तुगाल-प्रवासाच्या ग्रंथात स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी 'प्रवासी' असा केला आहे. स्वतःच्याच देशात आपणही पाहुणेच आहोत, याची ती प्रांजळ कबुली होय.

त्याच पोर्तुगालच्या सत्तेखाली साडेचार शतके राहिलेला दुसरा किनारा मराठी वाचकाच्या अंगणात आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९८० च्या दशकात युरोपातून तेथे पर्यटकांची खास विमाने थेट उतरू लागली. प्रस्तुत लेखात गोमंतकीय साहित्याने हा किनारा कसा पाहिला आणि त्यातून मराठी समीक्षेची कोणती उणीव उघड होते, याचा विचार केला आहे.

किनाऱ्याची तयार प्रतिमा

गोव्याला 'पूर्वेकडील रोम' म्हणण्याची प्रथा जुनी आहे. पर्यटनाने या उपाधीतला धर्म वगळून चर्चचे पांढरे दर्शनी भाग, नारळाची झाडे आणि निळे पाणी एवढेच ठेवले. 'दिल चाहता है' (२००१) या चित्रपटानंतर शापोऱ्याचा किल्ला हे तरुणांच्या सहलीचे ठिकाण झाले. कळंगुट, बागा, कोलवा ही नावे आता गावांची न राहता किनाऱ्यांची झाली आहेत.

या प्रतिमेला मराठी कवितेने नकळत हातभार लावला, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. बा. भ. बोरकर यांची 'माझ्या गोव्याच्या भूमीत' ही कविता सर्वपरिचित आहे आणि तिच्यातील निसर्गसौंदर्यच बहुधा वाखाणले जाते. परंतु त्याच कवितेत या भूमीच्या जखमांचा आणि वेदनेचाही निर्देश आहे, हे विसरले जाते. बोरकरांचे गाव बोरी जुवारी नदीच्या काठी आहे; त्यांचा गोवा मुख्यतः नदीकाठचा, घरादाराचा गोवा आहे. देवळाच्या सेवेत जखडलेल्या स्त्रीजीवनावर 'भावीण' ही कादंबरी लिहिणारेही तेच. दोष कवितेचा नाही, तिच्यातले सोयीचे तेवढे उचलणाऱ्या वाचनाचा आहे.

आतला गोवा

मराठी गोमंतकीय कथेचे खरे बळ किनाऱ्यापासून दूर, आतल्या गोव्यात आहे. सत्तरीतील आंबेडे गावात जन्मलेले महादेवशास्त्री जोशी आणि फोंडा महालातील सावई-वेऱ्याचे लक्ष्मणराव सरदेसाई हे या कथेचे दोन प्रमुख आधार होत. महादेवशास्त्र्यांच्या कथांतून कुळागरे, देवळे, कुटुंबातील ताणतणाव आणि स्त्रीचे सोसणे यांचे दर्शन घडते. सरदेसाईंच्या कथेत हिंदूंबरोबर ख्रिस्ती गोमंतकीयांचे जीवनही येते. पुढे ते कोकणीतही लिहू लागले.

या आतल्या गोव्याला इतिहास आहे. सोळाव्या शतकात किनारी महालांत मंदिरांवर गदा आली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला नेण्यात आली. तो भाग तेव्हा पोर्तुगिजांच्या सत्तेबाहेर होता. म्हणून मराठी लेखकाच्या सांस्कृतिक स्मृतीत किनारा हा बऱ्याच अंशी सोडून आलेला प्रदेश आहे. त्याच्या कथेची पाठ समुद्राकडे असावी, यात नवल नाही.

मराठीची मर्यादा

परंतु येथेच एक अप्रिय निष्कर्ष मांडणे आवश्यक ठरते. पर्यटकाने किनारा पाहिला, पण माणूस पाहिला नाही. मराठी कथेने माणूस पाहिला, पण किनाऱ्यावरचा फारसा नाही. वाळूवर जाळे ओढणारे रापणकार, ताडमाडाची सुर काढणारे रेंदेर, खाजनात भात पिकवणारी कुटुंबे यांना मराठी साहित्यात पुरेशी जागा मिळाली नाही. यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध रापणकारांनी १९७० च्या दशकात दीर्घ लढा दिला आणि १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. एवढ्या संघर्षाचे पडसाद मराठी कादंबरीत ठळकपणे उमटले, असे म्हणवत नाही.

ही जागा कोकणीने भरली. माजोर्डा या किनारी गावचे ज्ञानपीठ पुरस्कारप्राप्त लेखक दामोदर मावजो यांच्या 'कार्मेलीन' या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिची ख्रिस्ती नायिका घरकामासाठी कुवेतला जाते. ज्या किनाऱ्यावर जग विश्रांतीसाठी येते, तेथील स्त्रीला पोटासाठी समुद्र ओलांडावा लागतो, हा विरोधाभास कोणत्याही निसर्गवर्णनापेक्षा किनाऱ्याविषयी अधिक सांगतो. मराठी विभागांनी 'कोकणी म्हणजे आपल्या अभ्यासक्षेत्राबाहेरचे' असे मानून हे साहित्य दूर ठेवले. भाषावादाची किंमत अशी वाचनाने मोजली.

तुळजापूरचा वाचक

बालाघाटच्या डोंगरातील वाचकाला समुद्राशी काय कर्तव्य, असा प्रश्न येईल. ज्या आदिलशाहीने पुढे नळदुर्गाचा पाणीमहाल उभारला, तिच्याचकडून १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांनी घेतला, हा एक धागा आहे. त्याहून जवळचा धागा अनुभवाचा आहे. तुळजापूर हेही पाहुण्यांवर जगणारे गाव आहे. नवरात्रात आणि आश्विन पौर्णिमेला येणारा भाविक रांग, दर्शन व प्रसाद एवढे पाहून परततो. देवीच्या मंचकी निद्रेच्या दिवसांतले गाव, आराधिणींचे घर, कवड्यांच्या माळा ओवणारे हात त्याच्या वर्णनात क्वचितच येतात. यात्रेकरूची श्रद्धा आणि पर्यटकाची हौस एकच नव्हेत. परंतु गावाचा एकच चेहरा ओळखणे दोघांनाही सोयीचे असते. आपले गाव असे अर्धेच पाहिले जाते, याची खंत ज्याला आहे, त्याने दुसऱ्याचा किनारा अर्धा पाहू नये.

समारोप

प्रादेशिक साहित्याच्या अध्यापनात आपण 'निसर्गचित्रण' या मुद्द्याला ठरावीक गुण देऊन मोकळे होतो. त्याऐवजी हे दृश्य कोण पाहत आहे, ते कोणाच्या श्रमावर उभे आहे आणि चौकटीबाहेर कोण राहिले, हे तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. बोरकर, महादेवशास्त्री, सरदेसाई आणि मावजो एकाच अभ्यासपत्रिकेत शेजारी ठेवले तर या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांना स्वतः शोधता येतील. दरवर्षी आपल्या महाविद्यालयांच्या सहली गोव्याला जातात. जाण्यापूर्वी एक कथा वाचून घेतली, तर परतताना छायाचित्रांबरोबर त्या गावांतली माणसेही विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतील.