नवऱ्याच्या घरात दोघी

मठात आधी तिच्या अंगाचा सुगंध येतो, मग तिची कविता हातात पडते, आणि लग्न झालेली च्येनयुन यूहुआच्या प्रेमात पडते. दोघी बुद्धासमोर पुढच्या जन्मी नवरा-बायको होण्याची शपथ घेतात. या जन्माचं काय? च्येनयुन खटपटी करून यूहुआला आपल्याच नवऱ्याची दुसरी बायको म्हणून घरी आणते. सुखांत!

ली यू या चिनी लेखकाचं हे सतराव्या शतकातलं नाटक, ‘ल्येनश्यांगपान’. कथानक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जाम वैतागले.

२०१० मध्ये स्टॅन्ली क्वानने ते बीजिंगमध्ये खुनछू या जुन्या संगीत नाट्यशैलीत बसवलं. क्वान स्वतः उघडपणे गे. एका संचात दोन्ही नायिका पुरुष नटांनी केल्या. बालगंधर्वांच्या मुलखातली असल्याने मला त्याचं नवल नाही, पण शंका आली: दोघींच्या प्रेमातून बायकाच वजा? (नट्यांचाही संच होता, हे मान्य.) मग वाटलं, त्या शपथेच्या प्रसंगात प्रेक्षकाला दोन बायका दिसतात आणि दोन पुरुषही. ही क्वानची खरी कमाई.

शेवट मात्र बदलायला हवा, दोघींना पळवून लावायला हवं, असं मला वाटायचं. आता नाही वाटत. आजही चीनमध्ये गे पुरुष आणि लेस्बियन बायका आईवडिलांसाठी एकमेकांशी नावापुरतं लग्न करतात. त्या प्रेक्षकाला हा शेवट जुना कसा वाटेल?

दिवाळीत आईने आणलेलं स्थळ नाकारताना मी ऑनसाइटचं कारण दिलं. च्येनयुनने तिला निदान घरात तरी आणलं.