कर्ता कोण?

वर्ध्यात गाईडमागं पायी फिरा. लक्ष्मीनारायण मंदिरापाशी एक वाक्य हमखास येतं : १९२८ साली जमनालाल बजाजांनी हे अस्पृश्यांसाठी उघडलं. खरंच आहे. पण या वाक्यात आत शिरलेला माणूस कुठाय? कर्ता शेटजी, आपण नुसते 'साठी'. आदल्याच वर्षी महाडला बाबासाहेबांसोबत आपल्या माणसांनी स्वतः ओंजळ भरली होती.

पुढं सेवाग्राम. बापूकुटी, टेलिफोन, सगळं बारकाईनं दाखवतात. १९४० पर्यंत हे शेगाव होतं, अन् गावातली बरीच वस्ती अस्पृश्यांची, हे मात्र चपलांसारखं बाहेर राहतं.

दोस्तहो, विहारापासून निघणारी फेरी आपणच काढू. म्हाताऱ्यांना विचारू : तुमचा आजा त्या मंदिरात गेला होता का? अन् ५६ ला नागपूरला कोण कोण गेलं?