‘मायमस’ पडतो, ‘लूना’ उभा राहतो

चळवळीवर कादंबरी लिहिणाऱ्या लेखकापुढील खरी अडचण आकृतिबंधाची असते. कादंबरी हा प्रकार मुख्यतः व्यक्तिकेंद्री, चळवळ समूहाची. रिचर्ड पॉवर्स यांच्या ‘द ओव्हरस्टोरी’ (२०१८) या कादंबरीला या अडचणीचे पुरेपूर भान आहे. मुळे, खोड, शेंडा आणि बिया अशा चार भागांत ती विभागलेली असून पहिल्या भागातील नऊ पात्रांच्या सुट्या कथा पुढे एका खोडात एकवटाव्यात, अशी तिची योजना आहे. २०१९ साली पुलित्झर पारितोषिक लाभलेल्या या कादंबरीच्या वृक्षरूप रचनेचे कौतुक पुष्कळ झाले. ते अस्थानी नाही. मात्र ही रचना काय सामावून घेते याबरोबरच ती काय बाहेर ठेवते, हेही तपासणे अगत्याचे आहे.

कादंबरीच्या मध्यभागी ऑलिव्हिया आणि निक ‘मायमस’ नावाच्या प्रचंड रेडवूड वृक्षावर मुक्काम ठोकतात. उत्तर कॅलिफोर्नियातील ‘लूना’ या रेडवूडवर जूलिया बटरफ्लाय हिल हिने १० डिसेंबर १९९७ ते १८ डिसेंबर १९९९ असे ७३८ दिवस काढले, त्याची आठवण येथे अटळ आहे. साम्य मात्र लवकरच संपते. कादंबरीत दोघांना बळाने खाली उतरवले जाते, मायमस पाडला जातो, आणि कथानक जाळपोळ, ऑलिव्हियाचा मृत्यू, फितुरी व कारावास या शोकात्म वाटेने जाते. प्रत्यक्षात लूना वाचला तो एका कराराने: पॅसिफिक लंबर कंपनीला ५०,००० डॉलर देण्यात आले, आणि वृक्षाभोवतीचा सुमारे २०० फुटांचा पट्टा राखण्यात आला. २००० साली अज्ञात व्यक्तीने त्याच्या बुंध्यात करवत खोलवर घातली. पोलादी पट्ट्यांनी सांधलेला तो वृक्ष तरीही जगला. वाटाघाट, पैसा, कागद, डागडुजी: लोकचळवळीचा हा नीरस भाग शोकात्मिकेत मावत नाही. पॉवर्स यांनी तो वगळला, यामागे केवळ नाट्यमयतेचा मोह नाही. त्यांच्या कादंबरीत माणूस बदलतो तो साक्षात्काराने. ऑलिव्हिया विजेच्या धक्क्याने मरणाच्या दारातून परतते आणि तिला अदृश्य शक्तींची हाक ऐकू येऊ लागते. हाक ऐकणाऱ्याला संघटनेची गरज उरत नाही.

ज्यूडी बारीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ही सुतारकाम करणारी, कामगार संघटनेत मुरलेली स्त्री. जंगल तोडणारी कंपनी आणि कामगाराला बेकार करणारी कंपनी एकच, हे आरागिरणीतील मजुरांना पटवून देणे हा तिच्या कार्याचा गाभा होता. झाडांत खिळे ठोकण्याच्या डावपेचाने गिरणीतील कामगारच जायबंदी होतो, म्हणून १९९० मध्ये तिने तो जाहीरपणे नाकारला. त्याच वर्षी २४ मे रोजी ओकलंड येथे तिच्या मोटारीत बॉम्बस्फोट झाला. जबर जखमी झालेल्या बारीलाच पोलिसांनी संशयित म्हणून अटक केली. १९९७ मध्ये ती वारली. २००२ साली ज्यूरीने तिच्या व तिच्या सहकाऱ्याच्या बाजूने ४४ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली.

या परंपरेचा कादंबरीत मागमूस फार थोडा. झाडाखालचे लाकूडतोडे बोलतात, कधी माणुसकीनेही बोलतात. पण त्यांना ना पूर्वेतिहास आहे ना घर. अपवाद डग्लसचा. तोडलेल्या जागी हजारो रोपे लावून तो पोट भरतो, आणि आपण लावलेल्या रोपांच्या बळावरच कंपन्यांना अधिक तोडीची मुभा मिळते, हे त्याला कळते. कादंबरीतील हे सर्वांत अस्सल राजकीय भान होय, आणि ते कोणत्याही दिव्य हाकेतून नव्हे, मजुरीतून आलेले आहे. पॉवर्स यांनी हा धागा पुढे नेला असता, तर खोडाचा घेर निराळा झाला असता. वकील रे याच्या मनात वृक्षांच्या कायदेशीर हक्काचा विचार येतो खरा, पण पुढे तो पक्षाघाताने अंथरुणाला खिळतो. कायदा येथे चिंतनाचा विषय होतो, कृतीचा नाही.

अखेरच्या पानांवर निक उत्तरेकडील अरण्यात पडलेल्या ओंडक्यांनी एक अवाढव्य शब्द जमिनीवर लिहू लागतो. अवजड ओंडके त्याच्या एकट्याने हलत नाहीत. तेथील मूळ रहिवासी असलेली काही माणसे येतात आणि हात लावतात. मायमसवर मिळाला नव्हता तो समूह कादंबरीला येथे सापडतो. पण त्यातील एकालाही ती नाव देत नाही.