द्रोणागिरी, संजीवनी आणि 'कोवळी पानगळ'

उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगराचे नाव रामायणातील संजीवनीच्या कथेशी जोडले जाते. वनस्पती ओळखता न आल्याने मारुतीने पर्वतच उचलून आणला. लक्ष्मण वाचला तो सुषेण वैद्याला औषधीची पारख होती म्हणून. केंद्र शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या दूरवैद्यक सेवेस 'ई-संजीवनी' हे नाव मिळाले, तर २०२१ पासून चौदा अंकी आरोग्य क्रमांकाचे अभियान देशभर राबविले जात आहे. पर्वत संगणकात मावू लागला. सुषेणाचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात त्यापूर्वीच उपस्थित झाला होता.

डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. तेरा स्वयंसेवी संस्थांच्या नोंदींवरून राज्यात दरवर्षी एक लाखाहून अधिक बालमृत्यू होत असल्याचा अंदाज त्यात मांडला होता. शासकीय आकडा त्याहून फारच कमी होता. या अहवालाची चर्चा प्रामुख्याने कुपोषणाच्या अंगाने झाली. वस्तुतः त्याचा खरा विषय 'नोंद' हा आहे. मृत्यू कळविणाऱ्या कर्मचाऱ्यासच खुलासा द्यावा लागत असेल, तर बाळ मेलेलेच जन्मले असे लिहिणे सोयीचे ठरते.

या दृष्टीने शीर्षक मात्र काहीसे फसवे वाटते. पानगळ हा ऋतुधर्म आहे, तिचा जाब कोणी विचारत नाही. अहवाल तर जाबच विचारतो. 'कोवळी' या विशेषणाने तोल बराचसा सावरला आहे, पूर्णपणे नाही.

गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेने निरक्षर सुईणींसाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले श्वासमापक तयार केले होते. तेथील नोंद वरच्या कार्यालयासाठी नव्हती. बाळाचे श्वास मोजणाऱ्या व्यक्तीनेच न्यूमोनिया ओळखून उपचार करावयाचा होता. पुढे आरोग्यदूतांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची सेवा केली. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. सुषेणाचे काम सुईण करू शकते, याचा हा पुरावा होय.

स्वयंसेवी संस्थांच्या कार्यक्षेत्रावरून साऱ्या राज्याचा अंदाज बांधण्यात धाडस होते, हा आक्षेप रास्त आहे. तरीही शासनाला पुढे बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. आजच्या अभियानास हाच निकष लावावयास हवा. घरी जन्मून तिसऱ्या दिवशी दगावलेल्या आणि कुठेच न नोंदलेल्या बाळास चौदा अंकी क्रमांक मिळण्याचा प्रसंगच येत नाही.